पारड्याखालची चिंच

आखाड सरत आला की आमच्याकडचा पाऊस स्वभाव बदलतो. मृगाचा पाऊस भांडखोर. येतो, आदळतो, निघून जातो. आखाडातला पाऊस लांबच्या पाहुण्यासारखा बसकण मारतो. त्याला सकाळ नाही, दुपार नाही. सोयाबीन गुडघ्याला लागलेलं असतं, तूर अजून पोरवयात असते, धुऱ्यावरचं गवत कमरेला येतं आणि घरभर ओल्या पोत्याचा वास सुटतो. या दिवसांत लाकडी दार फुगतं, मग ते ना धड लागतं ना धड उघडतं. माझे जुने राग तसेच आहेत. उन्हाळ्यात बसतात आपापल्या चौकटीत गुमान. आखाड आला की फुगतात.

यंदा अशाच पावसात माझी सून वर्षा रिसोडच्या बाजारातून परत आली. साडी पिळून काढावी अशी. टोपल्यातल्या कोथिंबिरीचा चिखल झालेला. तिनं टोपलं ओसरीवर ठेवलं. मीच विचारलं, "अन् सुमीची सून?"

"कोरडी," वर्षा म्हणाली.

बस. एवढा एक शब्द पुरला.

रिसोडच्या बाजारात आम्हा भाजीवाल्यांच्या रांगेत एक कडूलिंब आहे. त्याच्या बुडाशी एका बाईचं दुकान मावेल एवढीच जागा. उन्हात तिथं मेथी दुपारपर्यंत मान टाकत नाही आणि पावसात बाई दिवस कलेपर्यंत कोरडी राहते. ती जागा पस्तीस वर्षांमागं माझी होता होता सुमीची, म्हणजे शेजारच्या मळ्यातल्या सुमनची झाली. आणि बाजारातली जागा आमच्यात सासूकडून सुनेकडं जाते, पाटल्यांसारखी. म्हणजे मी मेल्यावरही माझी सून भिजणार आणि सुमनची सून कोरडी राहणार. हे मला तेव्हा मान्य नव्हतं, आजही नाही. म्हातारपणी माणसानं सोडून द्यावं असं कीर्तनात सांगतात. सांगणारे महाराज मंडपाखाली बसून सांगतात. त्यांचं काय भिजतं?

त्या आखाडात मी तिशीची होते आणि स्वतःला फार हुशार समजत होते. ती कौसल्या आज मला वाटेत भेटली, तर मी तिचा कान असा पिळीन की तिच्या डोरल्यालाही कळ लागेल. ठेंगणीठुसकी, नाकात खडा, पदर कमरेला खोचलेला आणि तोंडाला कडीकोयंडा नाही. सुमन तिच्या उलट. उंच, सावळी, बोलायच्या आधी अर्धं हसणारी. आम्ही दोघी एकाच वर्षी या गावात सून म्हणून आलो. आमचे मळे एकमेकींना लागून, मधे एक विहीर, पाण्याच्या पाळ्या वाटून घेतलेल्या. सुमनचं माहेर पैनगंगेच्या काठचं. तिला हाताएवढी असल्यापासून गळ टाकता यायचा. गावामागच्या पाझर तलावावर तिनंच मला शिकवलं. उकंड्यातली तांबडी गांडुळं कशी निवडायची, ज्वारीच्या धांड्याचा गर सोलून दोऱ्याला कसा बांधायचा, म्हणजे तो पाण्यावर तरंगतो आणि मासा लागला की बुडतो. "हिसका लगेच देऊ नको वं," ती सांगायची. "मासा आधी चाखते, मंग गिळते. त्याले गिळू दे."

तिनं मला मासे धरायला शिकवलं. मी तिला काहीच शिकवलं नाही, कारण माझी विद्या सांगण्यासारखी नव्हती. ती माझ्या तराजूच्या उजव्या पारड्याखाली होती. चिंचेचा गोळा, सुपारीपेक्षा थोडा मोठा, थापून सपाट केलेला, वरून चुलीची राख फासलेली. पितळेखाली तो पितळेसारखाच काळा दिसायचा. भाजी नेहमी उजव्या पारड्यात. रिकामा तराजू कुणापुढं उचलायचा नाही. पारडी जमिनीला टेकवायची, भाजी टाकायची, मगच दांडी वर. हे मला कुणी शिकवलं नव्हतं. माझं मीच शोधलं होतं, आणि एवढा मोठा शोध कुणाला सांगता येत नाही याचं मला दुःख व्हायचं.

गिऱ्हाईकही मला मानायचं. माझ्याकडं येणाऱ्या बाया घासाघीस करायच्या नाहीत. फक्त जाताना माझ्या ढिगातून मूठभर मिरच्या न विचारता उचलायच्या आणि पिशवीत टाकायच्या. मी सुमनला ऐकवायची, "पाह्य, हक्कानं उचलतात. गिऱ्हाइकाचा जीव लागावा लागते." सुमन अर्धं हसायची. ते अर्धं हसू मला त्या वयात पूर्ण वाचता येत नव्हतं.

लिंबाखाली एक म्हातारी बसायची. तिनं बाजारात येणं सोडलं आणि जागा मोकळी झाली. एका बाजाराला मी तिथं आधी जाऊन बसले, दुसऱ्या बाजाराला सुमन. तिसऱ्या बाजाराला आम्ही दोघी सकाळच्या पहिल्या एसटीनं गेलो आणि स्टँडपासून लिंबापर्यंत डोक्यावर टोपली घेऊन पळालो. दोन मळेवाल्या बाया, सांडणारे टोमॅटो आणि मागं हसणारा बाजार. त्या दिवशी गावात आल्यावर सुमनच्या सासूनं, गोदाबुढीनं, आम्हाला दोघींना समोर बसवलं. सासू सुनेची बाजू घेईल अशी भीती गावात कुणालाच नव्हती, म्हणून तिचा निवाडा चालायचा.

"तुमाले गळ टाकाचा लय नाद हाये नं," गोदाबुढी म्हणाली. "मंग आखाडीले टाका. एक काठी, एक गळ. जेवणं झाल्यावर सुरू, ढोरं घरी आले का बंद. जिचे मासे भारी, तिचा लिंब. मंग पुन्हा कोणी तोंड वाजवाचं नाई."

आखाडी म्हणजे श्रावण लागायच्या आधीचं शेवटचं मासमटण. दुसऱ्या दिवसापासून तव्यावर तेलसुद्धा सोवळ्यात पडायचं.

"तराजू माह्या आणते," मी म्हटलं. किती चटकन म्हटलं. सुमनच्या तराजूची साखळी गंजली आहे, त्याची दांडी वाकडी आहे, असं मी चार वेळा सांगितलं. कुणी विचारलं नव्हतं.

तो दिवस अजून माझ्या अंगावर ओला आहे. डोक्यावर पोत्याची खोळ, खोळीतून नाकावर टपटपणारं पाणी, गढूळ तलावावर पावसाच्या थेंबांची पुरळ. समोरचा काठ दिसेनासा झालेला. बाभळीखाली गोदाबुढी इस्तव पेटवायचा प्रयत्न करत होती आणि नुसता धूर आमच्याकडं ढकलत होती. डबीतली गांडुळं ओल्या मातीत वेटाळून बसलेली. आम्ही दोघी वीसेक पावलांवर, एकमेकींकडं न बघता एकमेकींनाच बघत होतो. सुमनचा धांड्याचा तुकडा सारखा बुडत होता. ती चिलाप्या काढत होती, हाताएवढ्या, एकीमागं एक, जशा काही त्या रांगेत उभ्या होत्या. माझा तुकडा पाण्यावर निवांत बसून होता. मी तलावाला शिव्या दिल्या, गांडुळाला दिल्या, धांड्याला दिल्या.

मग तो एकदम गेला. पाण्याखाली, सरळ खाली. मी हिसका देणार होते, पण सुमनचं वाक्य आठवलं. गिळू दिलं. आणि ओढलं तेव्हा काठी कमानीसारखी वाकली. मरळ होती. माझ्या दंडाएवढी, काळीकुट्ट, चिखलात लोळून लोळून मला पोटावर पाडणारी. मी तिला दोन्ही हातांनी धरून छातीशी लावून काठावर आणली, आणि तेव्हाच मला कळलं की मी जिंकले. भाजीवालीच्या हातात काटा असतो. वांगं उचललं की सांगते किती ते. माझी एक मरळ सुमनच्या सगळ्या चिलाप्यांपेक्षा भारी होती. फार नाही, थोडीच, पण भारी.

इथं मी त्या कौसल्येला थांबवलं असतं. म्हटलं असतं, बाई, आता कुणाचाही तराजू घे. गंजक्या साखळीचा घे, वाकड्या दांडीचा घे. पण ती कुठली थांबते. ढोरं परतली, तशी ती पळत जाऊन आपला तराजू घेऊन आली, पारडी चिखलावर टेकवली आणि मरळ घेऊन उजव्या पारड्याकडं वाकली.

"थांब वं," गोदाबुढी म्हणाली. "वाटणीचा रिवाज काय हाये? वाटे पाडणारा एक, उचलणारा दुसरा. तराजू तुह्या, तं पारडं ती निवडन."

हा रिवाज मला माहीत नव्हता असं नाही. आमच्या घरी दीर वेगळे झाले तेव्हा ज्वारीचे ढीग असेच उचलले होते. थोरल्यानं ढीग पाडले, धाकट्यानं आधी उचलला. लहान पोरालाही ठाऊक असलेली गोष्ट. माझ्याच डोक्यातून गेली होती, कारण डोक्यात जागाच नव्हती. तिथं चिंच बसली होती.

सुमननं दोन्ही पारड्यांकडं पाहिलं. मग माझ्याकडं. मग तिनं आपल्या चिलाप्या उजव्या पारड्यात ओतल्या.

माझी मरळ डाव्यात. दांडी वर उचलली. उजवं पारडं हळूच खाली गेलं, ओशाळल्यासारखं. फार नाही, थोडंच.

मला फक्त एवढं म्हणायचं होतं: तराजू रिकामा उचला. तीन शब्द. आणि ते तीन शब्द म्हणजे माझा सगळा बाजार, माझं सगळं गिऱ्हाईक, माझ्या मिरच्या हक्कानं उचलणाऱ्या सगळ्या बाया. मी तोंड मिटलं. लग्नानंतर पहिल्यांदाच ते इतका वेळ मिटलेलं राहिलं असेल. गोदाबुढीनं काळजीनं विचारलंसुद्धा, "थंडी वाजली काय वं?"

आखाडी सुमनकडं जेवलो. माझीच मरळ, तिच्या चुलीवर. सुमननं कालवण वाढलं, मला पहिला घास घेऊ दिला आणि विचारलं, "चिंच जास्त झाली काय, कौसे?"

"नाई," मी म्हटलं. "बरोबर हाये."

तिला ठाऊक होतं की सहज विचारलं, हे मला पस्तीस वर्षं कळलं नाही. सूड घ्यायला तेवढी शंका पुरते. उलट नक्की ठाऊक नसलं की तो जास्त टिकतो.

आणि मी सूड घेतले. मोजून सांगत नाही, पण त्या कौसल्येची बुद्धी कळावी म्हणून एक-दोन सांगते. त्या श्रावणात मी सुमनशी महिनाभर बोलले नाही. विहिरीच्या पाळ्यासुद्धा हातवारे करून ठरवल्या. सुमनला वाटलं मी मौन धरलंय. ती रोज माझ्यासाठी उपासाची भगर पाठवायची आणि गावभर सांगायची, कौसीची भक्ती पाहा. पुढच्या पावसाळ्याआधी मी तिला दुधीचं बी दिलं, त्यात कडू भोपळ्याचं बी मिसळून. तिनं ते पेरलंच नाही. संक्रांतीला हळदीकुंकवाच्या वाणात सुंदर पुडी बांधून मलाच परत दिलं, आणि मी आनंदानं पेरलं. त्या साली आमच्या घरी जे दुधी झाले, ते म्हशीनंही हुंगून सोडले. तिच्या पोरीच्या लग्नात घासही घ्यायचा नाही असं ठरवून गेले होते. तिसऱ्या पंगतीला बुंदी वाढणारा म्हणाला, "काकू, तुमी मघाशी बी होत्या नं?"

आणि दर बाजाराला मी लिंबासमोर बसायची, उघड्यावर. ऊन फिरायचं, सावली फिरायची, पण माझ्यापर्यंत कधी यायची नाही. माझी मेथी मान टाकायची. समोर सुमनची मेथी ताठ. ती दुपारी भाकर सोडायची तेव्हा हाक मारायची, "ये वं कौसे, इथं सावलीत बसून खाय." मी जायची. भूक वेगळी आणि वैर वेगळं. तिच्या लसणाच्या ठेच्याशी माझं काही भांडण नव्हतं. चिंच मात्र मी त्या आखाडीनंतर खरवडून काढली. पुण्याचं काम म्हणून नव्हे. त्या पारड्याकडं पाहिलं की त्यात ओतलेल्या चिलाप्या दिसायच्या.

तर यंदा वर्षा भिजून आली, "कोरडी" म्हणाली, आणि मी फोन उचलला.

"सुमे, आखाडी जवळ आली."

"हो. मंग?"

"गळ टाकू. लिंबाची जागा लावून."

फोनमधून तिच्या पत्र्यावरचा पाऊस ऐकू येत होता. "तुह्या मनातून गेलंच नाई काय ते?"

"गेलं असतं तं फोन कायले केला असता?"

"बरं," ती म्हणाली. "तराजू तुह्याच आणजो."

तिथंच मी सावध व्हायला हवं होतं. पण म्हातारपणी अक्कल वाढते हा तरुणांचा समज आहे. मी माळ्यावरून तराजू उतरवला, चिंचेनंच घासून लख्ख केला, आणि उरलेल्या चिंचेचा गोळा थापला. या वेळी डाव्या पारड्याखाली. हिशेब सरळ होता. मागच्या वेळी उजव्यानं तिला जिंकवलं, ती पुन्हा उजवंच घेणार. माझे मासे डाव्यात जाणार. रिवाजही पाळला जाईल आणि लिंबही येईल. मग वरून राख फासली.

वर्षाकडं बॅटरीचा काटा आहे. पण पाण्याचा थेंब लागला की तो आकडे विसरतो, त्यामुळं जुना तराजू नेण्याला कुणी हरकत घेतली नाही. सुना हसल्या आणि कबूल झाल्या. सुमनच्या घरात अजून सुमनचा शब्द चालतो.

तलावाच्या काठावर आता आम्ही प्लॅस्टिकच्या खुर्च्या टाकून बसलो होतो, सुनांचे रेनकोट घालून. सुमनच्या डोळ्याचं वाशीमला ऑपरेशन झालेलं, माझ्या गुडघ्यात वंगण नाही. गोदाबुढी कधीच गेली; बाभूळ आहे. पाऊस तोच. थेंबांची तीच पुरळ पाण्यावर, तसाच समोरचा काठ पुसलेला. मी पाच चिलाप्या काढल्या. सुमनच्या पिशवीत काही नव्हतं.

"कौसे, एक इचारू?"

"इचार."

"तू चिंच कोणत्या झाडाची लावत होती? लय चिकट होती."

माझा धांड्याचा तुकडा बुडाला, वर आला, पुन्हा बुडाला. मी काठीला हात लावला नाही.

"तुले माहीत होतं?"

"मले?" सुमन म्हणाली. "अख्ख्या बजाराले माहीत होतं. तुह्याकडं बाया घासाघीस नाई करत, पण मूठभर मिरच्या उचलत होत्या. काहून उचलत होत्या, सांग."

त्या वर्षांच्या बाजारातले हात माझ्यासमोर आले. हिरव्या बांगड्यांचे, काचेच्या, लाखेच्या. प्रत्येक हात माझ्या ढिगात शिरला, जेवढी चिंच तेवढ्या मिरच्या घेऊन वर आला. आणि ती तिशीची कौसल्या टोपल्यामागं बसून कौतुकानं हसत होती, गिऱ्हाइकाचा जीव लागला म्हणून.

"अन् त्या दिवशी उजवं पारडं?"

"जाणून घेतलं. तुही मरळ भारी होती, डोळ्यानं दिसून राह्यलं होतं. पण तुले बोलता येणार नाई, हे बी दिसून राह्यलं होतं." ती पाण्याकडं बघत होती. "मले लिंब पाह्यजे होता, कौसे. पोरगी अंगावर पीत होती तवा. तिले उन्हात कुठं निजवू?"

हे तिनं आधी कधी सांगितलं नव्हतं. मी त्या साली तिच्या टोपल्याशेजारची झोळी रोज पाहत होते आणि तरी पाहिली नव्हती. इथं माझा राग विरघळायला हवा होता. कीर्तनात विरघळतो. माझा नाही विरघळला. उलट वाटलं, हिला कारणही चांगलं होतं, म्हणजे माझ्याकडं रागावायलासुद्धा नीट जागा उरली नाही. ती जागाही हिनंच घेतली.

तेवढ्यात सुमनचा तुकडा गेला. सरळ खाली. तिनं गिळू दिलं. मरळ निघाली, दंडाएवढी. सुमनला गळ दिसेना, म्हणून मासा मी धरला आणि तोंडातून गळही मीच सोडवला. माझ्या हातातला काटा अजून शाबूत आहे. तिची एक मरळ माझ्या पाच चिलाप्यांपेक्षा भारी होती. फार नाही, थोडीच.

मी पारडी जमिनीवर टेकवली. "निवड, सुमे. रिवाज हाये."

"यंदा तू निवड."

"काहून?"

"माह्या डोळ्याचं आपरेशन झालं. मले उजवं-डावं सारखंच." मग ती अर्धं हसली. "का आधी तराजू रिकामा उचलून पाहाचा?"

"पाऊस वाढून राह्यला," मी म्हटलं.

सुमननं मान वर केली. पाऊस जवळजवळ थांबला होता. "हो," ती म्हणाली. "लय वाढून राह्यला."

मी माझ्या चिलाप्या डाव्या पारड्यात टाकल्या. टाकताना लाज वाटली का, असं कुणी विचारेल. नाही वाटली. पस्तीस वर्षं भिजलेल्या बाईला तेवढ्या वेळात लाज वाळवता येत नाही. दांडी उचलली. डावं पारडं खाली गेलं, आणि माझ्या छातीत काहीतरी गार, गोड उतरलं, उसाच्या रसासारखं.

"जिंकली वं माय," सुमन म्हणाली.

आखाडी आमच्याकडं जेवलो. तिचीच मरळ, माझ्या गॅसवर. मी कालवण वाढलं, तिला पहिला घास घेऊ दिला, पण प्रश्न विचारला नाही. तिनंच बोटं चाटत सांगितलं, "चिंच बरोबर झाली."

श्रावणातल्या पहिल्या बाजाराला वर्षा लिंबाखाली बसली. दिवसभर झड होती. ती परत आली तेव्हा मी ओसरीवरच होते. साडी कोरडी. पदर कोरडा. टोपल्यात उरलेली दोन जुड्या मेथी ताठ. मी ते सगळं हात लावून लावून पाहिलं, नव्या लुगड्याचं पोत बघावं तसं.

"सुमी आली होती काय बजारात?"

"आल्या होत्या नं. समोर सुनेवर छत्री धरून बसल्या होत्या." वर्षा केस सोडायला लागली. "निघताना माह्याकडं आल्या. घेतलं काहीच नाई. ढिगातून मूठभर मिरच्या उचलल्या, पिशवीत टाकल्या, माह्या गालावरून हात फिरवला अन् गेल्या. किती जीव लावतात, नाई आत्याबाई?"

मी हातातली मेथीची जुडी खाली ठेवली. मग विचारलं, "मूठ केवढी होती?"

वर्षानं मूठ वळून दाखवली. मग तिचं तिलाच ते पटेना. तिनं मूठ उघडली, दुसरा हात शेजारी आणला, आणि दोन्ही मिळून ओंजळ केली.